शेवटच्या ओळीचा चहा

करारकाकांना त्यांचं खरं नाव विचारलं, तर तेही क्षणभर थांबून आठवतात. चाळीस वर्षं लोकांचे करार लिहून लिहून हे नाव त्यांना असं चिकटलं आहे, की सख्खी मेहुणीसुद्धा दारातून "करारभावोजी आहेत का घरात?" असंच विचारते. नोंदणी कचेरीच्या समोर चष्म्याचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या बाजूला तीन पायऱ्या चढून गेलं की एक लांबट खोली लागते. तिला बाजूच्या रस्त्याकडं उघडणारी एक भली मोठी खिडकी, खिडकीखाली टेबल, टेबलावर दोन दौती, सहा टाक आणि शाई टिपायचा लाकडी ठोकळा. इथं बसून काका हातानं करार लिहितात. हल्ली यंत्रातून दोन मिनिटांत कागद छापून निघतो, हे त्यांना ठाऊक आहे. पण ज्याला आपला कागद देखणा हवा असतो, तो अजून या तीन पायऱ्या चढतो. काकांच्या अक्षराला लोक मोत्याचे दाणे म्हणतात. हे मोत्यांच्या कानावर गेलं तर तेच संकोचतील.

अक्षरापेक्षाही त्यांच्या एका पद्धतीची ख्याती मोठी. सहीच्या आधी काका दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवतात, कागद पालथा घालतात आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारतात. तुम्ही काय देताय? तुम्हाला काय मिळतंय? उत्तर कागदात न डोकावता, आपल्या भाषेत द्यायचं. घाईत असलेली माणसं वैतागतात. एकदा एक फोटोग्राफर आपला जुना कॅमेरा विकायला आला होता. कागद तयार, घेणारा तयार, पेन उघडलेलं. काकांनी विचारलं तर विकणारा म्हणाला, मी तो पट्टा तुटलेला कॅमेरा देतोय. आणि घेणारा म्हणाला, मला तो पितळी कडीचा मिळतोय. विकणाऱ्याकडं जुने कॅमेरे दोन होते, आणि लबाड दोघांपैकी एकही नव्हता. काकांनी कागद फाडला आणि म्हणाले, "आधी दोघांची मनं एका कॅमेऱ्यावर बसू द्या, मग या. दोन मनं दोन झाडांवर बसली असतील तर खाली सह्या करून उपयोग नाही."

कराराचं सारं शास्त्र काका एवढ्याच घरगुती भाषेत सांगतात. एकानं पुढं केला तो प्रस्ताव, दुसऱ्यानं आहे तसा उचलला तो स्वीकार, आणि दोघांच्याही हातून काहीतरी सुटून दोघांच्याही हातात काहीतरी पडलं तर तो मोबदला. यातलं एक नसलं तरी करार झाला नाही. नुसती गोड बोलणी झाली.

या ज्ञानाचा काकांना स्वतःला मात्र आजवर काडीचा फायदा झालेला नाही. कारण काका कुठल्याही वादात उभे राहिले, की पाच मिनिटांत समोरच्याची बाजू मांडू लागतात. एकदा काकूंनी कापडवाल्याच्या काचेत एक कोट पाहिला. त्याच्यावर चुकून निम्म्या किमतीची चिठ्ठी लागली होती. काकू आत जाऊन म्हणाल्या, चिठ्ठीवर आहे त्याच भावानं द्या. दुकानदार घाबरून देणारच होता, तेवढ्यात काका पुढं झाले आणि त्याला धीर देत म्हणाले, की काचेत वस्तू मांडणं हा काही प्रस्ताव होत नाही, ते नुसतं बोलावणं. प्रस्ताव ह्या बाईंनी केलाय, आणि तो नाकारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुकानदारानं तो हक्क ताबडतोब बजावला. काकूंनी पुढं महिनाभर हा प्रसंग घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितला. आणि घरी बायका पुष्कळ येतात, कारण काकू बायकांचे कपडे शिवतात.

काकूंच्या या धंद्यामुळंच दुकानामागची खोली काकांना प्राणासारखी. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा मापं घेणं चालतं, अंगावर घालून बघणं चालतं, आणि त्या वेळात तिथं पुरुषमाणसाला मज्जाव. मागं उरतं ते स्वयंपाकघर, आणि तिथं दौत ठेवायची म्हणजे आमटीशेजारी ठेवायची.

ही खोली काकांना मिळाली त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा दुकान म्हातारे चष्मेवाले चालवत. काका उन्हापावसात कचेरीच्या फाटकाशी खोकं मांडून बसत. ते बघून म्हाताऱ्यानं एक दिवस हाक मारली, मागची खोली रिकामीच पडली आहे, बसा तिथं. काकांनी भाडं विचारलं तर म्हातारा रागावला. मोबदल्याशिवाय काही घ्यायचं नाही ही काकांची रीत, म्हणून तेही हटून बसले. शेवटी म्हाताऱ्यानं आपली अडचण सांगितली. जवळचं दिसतंय का हे बघायला गिऱ्हाइकाच्या हातात एक कार्ड द्यायचं असतं. वरच्या ओळी ठसठशीत, मग बारीक बारीक होत शेवटची ओळ मुंगीएवढी. छापील कार्डावर जो उपदेशाचा उतारा होता तो साऱ्यांना शाळेपासून पाठ. माणूस वाचतोय की आठवतोय तेच कळेना. तुम्ही एक कार्ड लिहून द्या म्हणाले. काय लिहू, असं काकांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, तुम्हाला करारच येतो, करारच लिहा. आणि मग दोघांनी हसत हसत मजकूर जुळवला.

पहिल्या ओळीत अंगठ्याएवढ्या अक्षरात होतं: हा कागद दोघांत झाला आहे. खाली जरा बारीक: चष्मेवाल्यानं लिहिणाऱ्याला मागची खोली बसायला द्यायची. त्याखाली: लिहिणाऱ्याचा हात चालेल तोवर. आणखी बारीक: त्याबदली लिहिणाऱ्यानं दर वर्षी हे कार्ड नव्यानं लिहून द्यायचं. मग: अक्षर बिघडू द्यायचं नाही. आणि सगळ्यात खाली, मुंगीच्या पावलात: जो ही ओळ वाचेल, त्यानं तीन पायऱ्या चढून 'भोपळा' म्हणावं, लिहिणारा चहा पाजील.

वरच्या ओळी लोकांना पाठ झाल्या तरी बिघडत नव्हतं. खरी परीक्षा शेवटच्या ओळीची, आणि तिथला शब्द काका दर वर्षी बदलत. एका वर्षी 'कात्री' होता, एका वर्षी 'जावई'. मोठमोठ्या भागीदाऱ्यांचे करार चालू असताना दारात एखादा सभ्य गृहस्थ येऊन "जावई" म्हणे, आणि काका मान वर न करता खिडकीतून कोपऱ्यावरच्या चहावाल्याला एक बोट दाखवत. नव्या पक्षकारांना वाटे, काहीतरी गुप्त कारभार आहे. काका समजावून सांगत, की हा साऱ्या जगाला केलेला प्रस्ताव. ज्यानं वाचलं त्यानं स्वीकारला. आता चहा नाकारला तर तो करारभंग.

पूर्वी महिन्यात एखाददुसराच चहापर्यंत पोचायचा. गेल्या दोनतीन वर्षांत मात्र रोज चार चार जण येऊ लागले. यंदाचा शब्द 'गेंडा' होता आणि दुपारपर्यंत पायऱ्यांवर गेंड्यांची रांग लागे. चहावाला काकांना पाहून अदबीनं उभा राहू लागला. काका कौतुकानं सांगत, की म्हाताऱ्याची मुलगी शिकून आली आणि दुकानात बसली तेव्हापासून चष्मे असे उतरतात, की आंधळ्यानं सुईत दोरा ओवावा.

ही मुलगी, म्हणजे आताची चष्मेवाली, शाळेत असल्यापासून काकांच्या खोलीत अभ्यास करायची. दुकानाचा कुठलाही कागद असो, काकांनी वाचल्याशिवाय ती सही करत नसे. एका मंगळवारी दुपारी ती एक नऊ पानी करार घेऊन वर आली. डोळे तपासायचं एक नवं यंत्र तिला कंपनीकडून हप्त्यानं घ्यायचं होतं. दोन वर्षं तिनं त्याचाच ध्यास घेतला होता. ते आलं असतं तर गावातल्या लोकांना डोळ्याच्या आतलं दाखवायला दूरच्या इस्पितळात खेटे घालावे लागले नसते. कंपनीनं सांगितलं होतं, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सही करून द्या, नंतर हा भाव राहणार नाही.

काकांनी नऊ पानं वाचली. हल्ली वाचताना ते कागद हातभर लांब धरत, तसा धरून वाचली. कागद स्वच्छ होता. मग रीतीप्रमाणं त्यांनी तो पालथा घातला आणि विचारलं, तू काय देतेस?

"दर महिन्याचा हप्ता," ती म्हणाली. "यंत्राची निगा. आणि..." इथं ती थांबली, आणि टेबलावरच्या शाई टिपायच्या ठोकळ्याकडं बघत राहिली.

काकांना सहाव्या पानावरचं कलम आठवलं. घेणाऱ्यानं यंत्रासाठी किमान चार मीटर लांबीची स्वतंत्र अंधारी खोली द्यावी. वाचताना ते त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं. दुकानात चार मीटर लांबीची खोली एकच होती, आणि तिच्यात काका बसले होते.

"मी तुम्हाला आधीच सांगणार होते हो," चष्मेवाली म्हणाली. "तीनदा पायऱ्या चढले. तीनही वेळा 'गेंडा' म्हणाले आणि चहा पिऊन खाली गेले."

काकांनी टाक पुसून जागेवर ठेवला. तिनं भीतभीत विचारलं, तुम्ही गप्प आहात, म्हणजे चालेल ना तुम्हाला? तेव्हा मात्र त्यांच्यातला करारकाका जागा झाला.

"गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे, हे मी तुला तू दोन वेण्या घालत होतीस तेव्हापासून सांगतोय." मग कागद तिच्या हातात देत ते म्हणाले, "कागद चांगला आहे. कुठं फसवणूक नाही. सही करायला हरकत नाही."

घरी पोचले तेव्हा सहा वाजायला पंधरा मिनिटं होती. काका पंधरा मिनिटं जिन्यात उभे राहिले. शेवटची गिऱ्हाईक बाई गेल्यावर आत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. काकूंनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि विचारलं, की तुमच्याजवळ त्या खोलीचा कागद काय आहे?

कागद कुठला असायला. गावातल्या निम्म्या खोल्यांचे करार काकांच्या हातचे होते, आणि स्वतःच्या खोलीसाठी एक चिठोरं नव्हतं. वैद्याच्या घरी औषधाची बाटली नसावी त्यातली गत. काकूंना हे पटेना. पण काका शास्त्राला धरून होते. खोली म्हाताऱ्यानं प्रेमानं दिली. भाडं घेतलं नाही. मोबदल्याशिवायचं वचन म्हणजे वाऱ्यावर वाळत घातलेलं कापड, असेल तोवर आपलं, उडालं तर तक्रार करायची नाही.

"आणि ते कार्ड?" काकू म्हणाल्या. "त्यावर लिहिलंय की सगळं. खोली तुम्हाला, कार्ड त्यांना."

काका हसले. अगं, ती थट्टा. थट्टेत बोललेल्याचा करार होत नाही. बांधून घ्यायचा इरादा लागतो दोघांचा.

"असं का," काकू म्हणाल्या. "म्हणजे वरच्या पाच ओळी थट्टा, आणि सहावी तेवढी खरी? त्या ओळीपायी गावाला बावीस वर्षं चहा पाजलात. असा अर्धा खरा, अर्धा खोटा कागद तुम्ही दुसऱ्या कुणाला लिहून द्याल?"

चाळीस वर्षांच्या धंद्यात काकांना असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ते एवढंच म्हणाले, की पोरीनं दोन वर्षं वाट बघितली आहे, तिच्या वाटेत मी येणार नाही. आणि वाटाण्याच्या शेंगा सोलायला बसले. शेंगा कुणी सोलायला सांगितल्या नव्हत्या.

गुरुवारी काका सकाळीच खोलीवर गेले आणि दौती खोक्यात भरू लागले. गुरुवार हा म्हाताऱ्या चष्मेवाल्यांचा दुकानात यायचा दिवस. दाराजवळच्या स्टुलावर बसून ते लेकीचा धंदा बघत आणि मधून मधून, फ्रेम जरा घट्ट बसवलीस, असं सांगत. त्या दिवशी गिऱ्हाईक होते निवृत्त कवायतमास्तर. मास्तरांचा आवाज निवृत्त झालेला नव्हता. चष्मेवालीनं त्यांच्या नाकावर भिंगांची चौकट चढवली, हातात कार्ड दिलं आणि हळू वाचा म्हणाली. मास्तरांनी मैदानावर वाचावं तसं वाचायला सुरुवात केली.

"हा कागद दोघांत झाला आहे. चष्मेवाल्यानं लिहिणाऱ्याला मागची खोली बसायला द्यायची. लिहिणाऱ्याचा हात चालेल तोवर."

हा मजकूर चष्मेवालीनं लहानपणापासून हजारो वेळा ऐकला होता. पाठ झालेल्या गोष्टीचं असंच होतं, कान ती ऐकायचं सोडून देतो. पण आज 'मागची खोली' हे शब्द दुकानभर घुमले, आणि नेमके त्याच वेळी काका खोकं छातीशी धरून पायऱ्या उतरत होते. तिच्या हातातलं भिंग हातातच राहिलं. मास्तर पुढं वाचू लागले तर तिनं त्यांना थांबवलं, आणि काकांना विचारलं, की काका, हे खरं आहे?

काकांनी खोकं काउंटरवर ठेवलं आणि आपली बाजू सोडून बाकी सगळ्यांची बाजू मांडायला सुरुवात केली. हे थट्टेत लिहिलेलं आहे म्हणाले. कुणाची सही नाही. तारीख नाही. म्हातारे स्टुलावर सरळ झाले.

"थट्टा?" ते म्हणाले. "बावीस वर्षं गावातल्या माणसामाणसाला मी ते मोठ्यानं वाचायला लावलं. एवढे साक्षीदार गोळा करून कुणी थट्टा करतं का? मी तर शब्द दिला असंच समजत होतो. तुम्ही आपला कार्डाचा नमुना लिहिताय असं समजत होता की काय?"

काका गोंधळले, पण शरण जायला तयार नव्हते. बरं, झाला असेल करार, म्हणाले, पण तो तुमच्यामाझ्यात. दुकान आता हिचं. ही त्या करारात पक्षच नाही. तुमचं वचन हिच्या गळ्यात कसं बांधणार?

याच वेळी काकू दुकानात शिरल्या. नवऱ्याचा डबा घरी राहिला, असं कारण होतं. खरं कारण हे, की ह्यांची बाजू मांडायला ह्यांनाच एकटं सोडणं धोक्याचं, हे त्या कोटापासून शिकल्या होत्या. त्यांनी शेवटची दोन वाक्यं ऐकली आणि डबा काउंटरवर ठेवला तो जरा जोरातच.

"काका," चष्मेवाली म्हणाली, "तुम्ही नक्की वकील कुणाचे?"

मास्तरांना हसू आवरेना. नाकावरची चौकट उडून खाली पडायची वेळ आली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या तीन पायऱ्या चढून वर गेल्या, गळ्यातली टेप काढून त्यांनी खिडकीचं माप घेतलं, आणि वरूनच विचारलं, की यंत्राला अंधार किती वेळ लागतो? चष्मेवालीनं सांगितलं, की रोज पाचसहा माणसं तपासायची तर दोनअडीच तास. आणि कचेरी किती वाजता उघडते? हे काकांना विचारलं होतं. अकराला, काका म्हणाले. अकराच्या आधी त्यांच्याकडं चिटपाखरू फिरकत नसे.

"मग भांडण कशाचं आहे?" काकू म्हणाल्या. "मी अस्तर लावून जाड काळा पडदा शिवते. अकरापर्यंत अंधार तुझा, अकरानंतर उजेड ह्यांचा."

इतकं सोपं होतं. पण सहाव्या पानावर 'स्वतंत्र अंधारी खोली' असं लिहिलं होतं, आणि काकांनी ताबडतोब सगळ्यांना सावध केलं. कलम बदलून पाठवलं तर तो स्वीकार होत नाही, तो उलटा प्रस्ताव. तो पाठवला की कंपनीचा मूळ प्रस्ताव मेला. ते उद्या नाही म्हणाले, तर "बरं, जुनाच द्या" असं हक्कानं म्हणता येणार नाही. यंत्रही जाईल आणि भावही जाईल. नीट विचार कर, माझ्यासाठी हे करू नकोस.

चष्मेवालीनं वडिलांकडं पाहिलं. म्हातारा फ्रेमा पुसण्यात गढून गेला होता. हा प्रश्न लेकीचा होता. तिनं कार्ड उचललं, त्याच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "काका, तुमच्यासाठी करत नाही. दुकानानं शब्द दिलाय, आणि दुकान माझं आहे. दौत काढा."

काकांनी खोक्यातून दौत काढली आणि काउंटरवरच लिहिलं: 'दररोज सकाळी आठ ते अकरा संपूर्ण अंधार करता येईल अशी चार मीटर लांबीची खोली'. कारण जोडलं, विनंती जोडली, आणि ते पत्र गुरुवारीच एका माणसाच्या हाती रवाना झालं. पाठवल्यावर मात्र चष्मेवालीचा चेहरा उतरला. तिनं त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांना एकमेकांचे चष्मे दिले. दोघेही खूश होऊन गेले हे वेगळं.

शुक्रवारी दुपारपर्यंत कंपनीकडून हूं नाही की चूं नाही. काका वर खिडकीशी बसून राहिले. खोकं उघडावं की बांधावं, तेही ठरेना. चारच्या सुमारास एक उंच, पिकल्या कल्ल्यांचा गृहस्थ दुकानात शिरला. चष्मेवाली आत होती, म्हणून काउंटरवर पडलेलं कार्ड त्यानं चाळा म्हणून उचललं, वाचलं, हसला, आणि सरळ तीन पायऱ्या चढून काकांना म्हणाला, "गेंडा."

काकांनी सवयीनं चहावाल्याला बोट दाखवलं. चहा येईपर्यंत त्या माणसानं ओळख करून दिली. तो कंपनीचा माणूस होता. कालचं पत्र त्यांच्या कचेरीत हातोहात फिरलं होतं, मजकुरासाठी कमी आणि अक्षरासाठी जास्त. साहेबांनी विचारलं, यंत्राला अंधार हवा की एकांत हवा? अंधारच हवा होता. तेव्हा बदल मान्य. काकांनी विचारलं, की मान्य असल्याचं लेखी आणलंय का. त्यानं खिशातून सही केलेला कागद काढला. काकांनी तो पालथा घातला, कंपनीच्या माणसाला आणि चष्मेवालीला समोरासमोर बसवलं आणि दोघांना दोन्ही प्रश्न विचारले. या खेपेला उत्तर देताना ती कुठंच थांबली नाही.

तो गेल्यावर सगळे आनंदात असताना चष्मेवाली मात्र कार्ड हातात घेऊन विचार करत उभी राहिली. या माणसाचं वय पन्नाशीच्या पुढं. चष्मा लावलेला नव्हता. आणि त्यानं शेवटची ओळ नुसत्या डोळ्यांनी वाचली? तिनं खालचा खण ओढला. बावीस वर्षांची कार्डं म्हाताऱ्यानं जपून ठेवली होती. तिनं ती काउंटरवर ओळीनं मांडली. 'भोपळा' मुंगीएवढा होता. 'कात्री'ही तेवढीच. 'जावई' झुरळाच्या पिल्लाएवढा झाला होता. आणि यंदाचा 'गेंडा' जवळजवळ गेंड्याएवढा.

"काका," ती म्हणाली, "चष्मे माझे सुधारले नाहीत. तुम्हाला दिसेनासं झालंय, म्हणून तुम्ही मोठं मोठं लिहीत चाललाय. तीन वर्षं गावाला फुकटचा चहा पाजताय."

काकांनी कार्ड हातभर लांब धरून पाहिलं, मग जवळ घेऊन पाहिलं, आणि चष्म्याच्या दुकानामागं बावीस वर्षं बसलेला हा माणूस पहिल्यांदाच त्या दुकानाच्या खुर्चीत बसला. काकूंना त्या संध्याकाळी ही बातमी सांगितली, तेव्हा त्या हसता हसता शिलाईयंत्रावरून उठल्या आणि पाणी प्यायल्या.

पुढं रीतसर नवा कागद झाला. सही, तारीख सगळं. प्रश्न विचारायचं काम चष्मेवालीनं आपल्याकडं घेतलं. तुम्ही काय देताय? काका म्हणाले, दर वर्षी एक कार्ड, आणि सकाळचे तीन तास. तुम्हाला काय मिळतंय? "खोली," काका म्हणाले, "हात चालेल तोवर." ती म्हणाली, आणखी एक राहिलं. डोळ्यांची काळजी दुकानाकडं. तसं कलम घातलं.

यंत्र आलं, पडदा लागला. खोलीत सकाळी अंधारात लोक यंत्राच्या छिद्रात डोळा घालून बसतात, आणि अकराच्या ठोक्याला काका पडदा ओढून खिडकी मोकळी करतात. नव्या चष्म्यानं त्यांनी नवं कार्ड लिहिलं. शेवटची ओळ पुन्हा मुंगीच्या पावलात. तिथला शब्द त्यांनी कुणाला सांगितला नाही. तेव्हापासून तीन पायऱ्या ओस पडल्या. चहावाला रस्त्यात भेटला की तोंड फिरवतो.

दोन महिने झाले तेव्हा, एका दुपारी, भागीदारीच्या एका करारात काका मान घालून बसले होते. दारातून कुणीतरी म्हणालं, "पोपट."

काकांनी चमकून वर पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या, डबा हातात घेऊन. काका चष्म्यावरून बघत राहिले. मग त्यांनी हळूच विचारलं, की स्वतः वाचलंस, का त्या पोरीनं सांगितलं? ऐकीव शब्दावर चहा मिळत नाही हं.

काकू काही बोलल्या नाहीत. भागीदारांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. काकांना गप्प बसण्याचा कायदेशीर अर्थ सगळ्या गावात सगळ्यात चांगला ठाऊक. त्यांनी तो क्षणभर मनात घोळवला. मग खिडकीतून चहावाल्याला दोन बोटं दाखवली.